न झालेल्या लग्नाचं पाणी

रेजिना गेल्याचं मला तिच्या भावजयीनं, हिल्डानं, फोनवर सांगितलं. सकाळची वेळ होती, मी फुलपाड्याच्या आमच्या घरात गॅलरीत कपडे वाळत घालत होते. "सुमनताई, आपली रेजिना गेली हो... झोपेतच," एवढंच ती बोलली. मग पलीकडे कुणीतरी मोठ्यानं रडू लागलं आणि फोन बंद झाला. हातातला ओला टॉवेल तसाच दोरीवर टाकून मी निघाले. आगाशीकडे जाणारी बस मिळाली, गावच्या नाक्यावर उतरले. तिथे चर्चच्या फाटकाशी एक काळा फळा आहे. गावात कुणी गेलं की त्यावर खडूनं नाव, घर आणि दफनाची वेळ लिहितात. येणारा-जाणारा थांबतो, वाचतो, कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण करतो आणि पुढे जातो. मीही थांबले. फळ्यावर लिहिलं होतं, 'कु. रेजिना परेरा'.

मला क्षणभर वाटलं की गावात त्याच दिवशी आणखी कुणी गेलं असावं. कुणीतरी तरुण मुलगी. खाली भावाचं नाव वाचलं, घराचा पत्ता वाचला, तेव्हा कळलं की ही कुमारी म्हणजे साठी ओलांडलेली, पांढऱ्या केसांची आमची रेजिनाच. सगळी हयात शाळेत जिला लोपीस मिस म्हणून हाक मारली ती. जिनं एक मूल जन्माला घातलं आणि मातीत ठेवलं ती. त्या 'कु.'कडे मी किती वेळ बघत उभी राहिले कुणास ठाऊक. आज महिना उलटून गेला. तिची आठवण निघाली की डोळ्यांत पाणी येण्याआधी मला तो फळा दिसतो आणि संताप येतो. गेलेल्या माणसाविषयी लिहिताना सूर शांत असावा हे मला माहीत आहे. तिला मात्र असला शांत लेख मुळीच आवडला नसता. शाळेच्या वार्षिक अंकासाठी मी काही लिहिलं की ती वाचून परत करायची आणि म्हणायची, "सुमन, छान आहे. पण तुझा राग कुठे गेला? वाण्याच्या पुडीत बांधून ठेवलास?"

आमची ओळख शाळेतली. ती इंग्रजी शिकवायची, मी ग्रंथालय सांभाळायचे. मी कोकणातून लग्न होऊन विरारला आलेली, माणसांत फार न मिसळणारी. ती इथलीच, आगाशीच्या बाजूच्या वाडीतली, केळीच्या बागेत वाढलेली. मोकळा तास मिळाला की ती ग्रंथालयात येऊन मोठा शब्दकोश उघडून बसे. शब्दकोश ती गोष्टीच्या पुस्तकासारखा वाचायची, मध्येच हसायची, मध्येच "अरे बापरे" म्हणायची. शुक्रवारी शेवटच्या तासाला ती मुलांना एका अर्थाचे अनेक शब्द शिकवत असे आणि मला तो जाडजूड कोश घेऊन वर्गात यायला लावी. मला शिकवता येत नव्हतं, पण कोश उचलून नेण्याच्या निमित्तानं मी मागच्या बाकावर बसून ते तास ऐकत असे.

त्यातला एक तास मला विसरता येत नाही. फळ्यावर तिनं रद्द करण्याची इंग्रजी क्रियापदं एकाखाली एक लिहिली होती. मग एकेकाला हात लावत सांगू लागली. गाडी कॅन्सल होते, ते सगळ्यांना माहीत. रिक्षाचं परमिट ज्यानं दिलं तोच काढून घेतो, ते रिव्होक. कायदा ज्यांनी केला त्यांनीच उठवला, तो रिपील. दोघांनी करार केला आणि तो सोडून दोघंही आपापल्या जागी परत गेले, ते रिसिंड. खालच्या कोर्टाचा हुकूम वरच्या कोर्टानं उडवला, तो क्वॉश. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मिस, मराठीत या सगळ्याला रद्दच म्हणतात ना?"

"म्हणतात गं. आपण साधी माणसं. एकदा रद्द म्हटलं की हात धुऊन जेवायला बसतो. साहेबानं मात्र प्रत्येक मरणासाठी वेगळ्या मापाची पेटी करून ठेवलीय."

वर्ग हसला. फळ्यावर शेवटी एक शब्द उरला होता, 'अनल', लग्न रद्द ठरवतात तो. मुलं वाट बघत होती. तिनं त्या शब्दाभोवती खडूनं एक गोल काढला, थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हा गृहपाठाला नाही." मग डस्टर घेऊन सगळा फळा पुसला. त्या वर्गात त्याचं कारण फक्त मला माहीत होतं. त्याच आठवड्यात तिला चर्चच्या, धर्मप्रांताच्या विवाह-न्यायालयाचं पत्र आलं होतं.

तिच्या लग्नाबद्दल मी तिच्याच तोंडून ऐकलं आहे. ती सांगायची ते नवऱ्याविषयी कमी आणि पाण्याविषयी जास्त. त्यांच्या गावात लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या आंघोळीचं पाणी घरच्या नळाचं चालत नाही. संध्याकाळी बँड लावून गावातल्या बायका विहिरीवर जातात, विहिरीच्या कठड्यावर मेणबत्ती लावतात, पाणी शेंदतात आणि भरलेली कळशी डोक्यावर घेऊन वाजतगाजत मांडवात येतात. वाटेत ज्याचं घर लागेल तो बाहेर येऊन उभा राहतो. त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालायचं. "म्हणजे कसंय सुमन," ती म्हणायची, "अंगठी नवरा घालतो, आशीर्वाद फादर देतो, पण नवरी करतं ते गाव. गावानं पाणी आणलं की तू नवरी." रेजिनाच्या लग्नाची कळशी सेलिना मावशीच्या डोक्यावर होती. सेलिना मावशी म्हणजे त्यांच्या शेजारची भातशेती करणारी बाई, तेव्हा चाळिशीची असेल, आता पाठीत वाकली आहे. तांब्याची ती कळशी रेजिनाच्या आईची. लग्नात ती तिच्याबरोबर सासरी गेली आणि पुढे तिच्याबरोबरच परत आली.

नेल्सन लोपीस दिसायला देखणा आणि बोलायला गोड माणूस होता असं हिल्डा सांगते. संसार नऊ-दहा वर्षं झाला. उशिरा एक मुलगी झाली, ती जेमतेम तीन-चार दिवस जगली. दवाखान्यातच घाईघाईनं बाप्तिस्मा देऊन तिचं नाव मार्था ठेवलं आणि लोपीस घराण्याच्या कबरीत तिला ठेवलं. चर्चच्या मागे सिमेट्रीच्या फाटकाजवळच ती कबर आहे. नंतर नेल्सन आखातात गेला, तिथून आणखी दूर कुठे गेला. आधी पत्रं यायची, मग नाताळचं कार्ड, मग तेही येईना. सासरच्यांनी एक दिवस तिला सरळच विचारलं, आता तू इथे कशासाठी राहतेस? ती कळशी घेऊन भावाच्या वाडीत आली. पुढे नेल्सननं घटस्फोट मागितला तेव्हा तिनं एका शब्दानंही हरकत घेतली नाही. वसईच्या कोर्टात मी तिच्याबरोबर गेले होते. सही करून बाहेर आलो तेव्हा मला वाटलं ही आता रडेल, म्हणून मी पाण्याची बाटली उघडून हातात धरली होती. ती म्हणाली, "चल, बाजारात सुकेळी घेऊ." वाळवलेल्या केळ्यांची पुडी घेऊन आम्ही बसची वाट बघत उभ्या राहिलो. "घटस्फोटाचं मला काही नाही," ती खात खात म्हणाली. "होतं, ते संपलं. बरोबरच लिहिलंय कोर्टानं. संपलंच होतं."

म्हणूनच पुढच्या पत्रानं तिला जे झालं ते मी कधी पाहिलं नव्हतं. नेल्सनला तिकडे चर्चमध्ये दुसरं लग्न करायचं होतं आणि कोर्टाचा घटस्फोट चर्च मानत नाही. तेव्हा त्यानं अर्ज केला होता की रेजिनाशी झालेलं लग्न मुळात झालंच नव्हतं. कारण? आईच्या आग्रहाखातर तो उभा राहिला, लग्न म्हणजे काय हे त्या वेळी त्याला उमगलंच नव्हतं, त्याची संमती खरी नव्हती. रेजिनानं ते पत्र ग्रंथालयात माझ्यासमोर वाचलं. "उमगलं नव्हतं म्हणे! बँडवाल्यांनी कुठली गाणी वाजवायची ते बरोबर उमगत होतं. ती कुठल्या कोपऱ्यावर वाजवायची तेही."

तिनं अर्जाला विरोध केला. सगळ्यांनी तिला समजावलं. भाऊ म्हणाला, कशाला वाढवतेस, जाऊ दे त्याला. हिल्डा म्हणाली, लोक म्हणतील बाईला नवरा परत पाहिजे. "मला नवरा नको गं," ती म्हणाली. "त्यानं खुशाल दहा लग्नं करावीत, मी केक पाठवीन. पण मी त्या घरात राहिले, त्यांच्या म्हातारीची आजारपणं काढली, पोर झालं, गेलं... ते सगळं कुणी केलं? झालंच नव्हतं कसं?"

सुनावणीला ती मला घेऊन गेली. बाहेर बसायला लावलं होतं, पण त्या दिवसाचं काम आटोपल्यावर तिथले वयस्क फादर बाहेर आले आणि आमच्यासमोर खुर्ची ओढून बसले. माणूस सौम्य होता, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "मिस, तुमचा गैरसमज होतोय. आम्ही कुणाचं लग्न रद्द करत नाही. चर्चला तसा अधिकारच नाही. ते लग्न मुळात वैध झालं होतं की नव्हतं, एवढंच आम्ही तपासून जाहीर करतो."

"मग हे तर जास्त वाईट, फादर," रेजिना म्हणाली. "रद्द करायचं म्हटलं तर आधी ती वस्तू असावी लागते. तुम्ही रद्द केलं असतं तर मी निमूटपणे सही दिली असती. तुम्ही म्हणताय ती नव्हतीच."

"मनाला लावून घेऊ नका. यानं तुम्हीसुद्धा मोकळ्या होता. तुम्हाला पुन्हा लग्न करता येईल."

"पुन्हा कसं? तुमच्या हिशोबानं पहिल्यांदाच की."

फादरना हसू आलं आणि लगेच ओशाळल्यासारखं झालं. तिनं विचारलं, "आणि माझी मुलगी?"

"ती वैधच. त्याबद्दल चर्चचं म्हणणं अगदी स्पष्ट आहे, त्याची काळजी करू नका."

"म्हणजे मुलगी खरी, आई खरी, बाप खरा. मधलं लग्न तेवढं खोटं. फादर, माझ्या वर्गातल्या मुलानं असं लिहिलं असतं तर मी वहीला लाल शाई लावून परत दिली असती."

मी त्यांच्या धर्माची नाही. त्यांच्या शास्त्रात मला नाक खुपसायचं नाही, आणि असा निकाल कुणाकुणाला छळातून सोडवतो हेही मला कळतं. फसवून लग्न लावलेल्या एखाद्या मुलीला हाच निकाल जीवदान देत असेल. पण इथे फसवलं गेलं ते कोण, आणि सुटका मागत होता तो कोण? ज्यानं बायकोला एकटं टाकलं त्याच्याच मनात त्या दिवशी काय होतं याची चौकशी झाली. जी मागे राहिली तिच्या मनात काय होतं हे कुणी विचारलं नाही. तिच्या बाजूनं साक्ष द्यायला सेलिना मावशी गेली होती. परत आली ती तणतणत. "मला इचारतात, लग्नाच्या टायमाला नेल्सनच्या मनात काय होतं. मला काय म्हायती त्याच्या मनात काय? माज्या डोक्यावर काय होतं ते इचारा म्हटलं. कळशी होती! सगल्या गावानं पायलंय. पानी आनलंय आमी."

ते पाणी साक्षीत धरलं गेलं नाही. निकाल नेल्सनच्या बाजूनं लागला. चर्चच्या लग्नाच्या रजिस्टरात तिच्या नावासमोर समासात एक ओळ लिहिली गेली. शाळेत, बँकेत, आधार कार्डावर ती लोपीसच राहिली, कारण सरकारच्या दृष्टीनं लग्न झालं होतं आणि मोडलं होतं. फक्त रविवारी सकाळी चर्चचं फाटक ओलांडलं की ती माहेरची परेरा होत असे. पण रविवारची प्रार्थना, मिस्सा, तिनं एकदाही चुकवली नाही. मी एकदा विचारलं, "तुला राग येत नाही तिथे जाऊन बसायला?" ती म्हणाली, "देवाशी माझं भांडण नाही गं. त्याच्या ऑफिसशी आहे."

मिस्सा संपली की ती घरून आणलेली कळशी सिमेट्रीतल्या नळावर भरायची आणि मार्थाच्या कबरीवर घालायची. लोपीसांच्या कबरीच्या कडेला तिनं अबोलीचं रोप लावलं होतं. लग्नाचं पाणी जिच्यातून आलं तीच कळशी. प्लास्टिकची बादली हलकी पडेल असं हिल्डा दरवेळी सांगायची, पण ती तांब्याचं ओझं कमरेवर घेऊन जायची. लोपीसांच्या घरातली माणसं तिला बघायची आणि मान फिरवून जायची, पण अडवलं कुणी नाही. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी सगळी सिमेट्री झेंडूनं आणि मेणबत्त्यांनी भरून जाते. अशाच एका संध्याकाळी हिल्डा आणि मी तिच्या शेजारी उभ्या होतो. मेणबत्त्या वाऱ्यानं विझत होत्या आणि ती एकीवरून दुसरी पेटवत होती. वर न बघताच म्हणाली, "मी गेले की मला इथे ठेवा. मार्थाजवळ. बाकी मला काही नको... ना भाषण, ना फोटो." आम्ही दोघींनी हो म्हटलं. हो म्हणताना वाटलंच नाही की त्यात काही अडचण असेल. आईला लेकीजवळ ठेवायला कुणाची हरकत असणार?

आता त्या दिवसाकडे येते. फळा वाचून मी वाडीत पोहोचले. रेजिना पुढच्या खोलीत होती, पांढऱ्या लेसच्या कडेची साडी नेसलेली, हातांत रोझरीची माळ गुंडाळलेली. चेहरा वर्गात मुलांनी चुकीचं उत्तर दिल्यावर व्हायचा तसा, जरासा मिस्कील. मी जवळ बसले न बसले तोच बाहेर ओटीवरून बोलणं ऐकू आलं. नेल्सनचा मोठा भाऊ आला होता, पांढराशुभ्र शर्ट, हात जोडलेले. तो रेजिनाच्या भावाला सांगत होता, "आमचं कुणाशी वैर नाही. फुलं घेऊन आलोय बघा. पण कबर आमच्या घराण्याची आहे. ती आमच्या घरची नव्हतीच, हे आम्ही म्हणत नाही, चर्चनंच सांगितलंय."

रेजिनाचा भाऊ मऊ माणूस. तो उठून चर्चच्या ऑफिसात गेला, मागोमाग हिल्डा आणि मी. तिथले फादर तरुण, नुकतेच या गावी आलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रजिस्टर काढलं, समासातली ती ओळ बोट ठेवून वाचली. घराण्याच्या संमतीशिवाय घराण्याची कबर उघडता येत नाही, हा नियम त्यांनी समजावला. मी आयुष्यात चारचौघांत फारसं बोललेली नाही. त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "फादर, निकाल लग्नाचा होता. आईपणाचा नव्हता. मुलगी तिचीच आहे, हे तुमच्याच लोकांनी आमच्यासमोर चहा पाजून सांगितलंय."

"ताई, मला कळतंय," ते म्हणाले. त्यांना खरोखर कळत असावं, त्यांचे डोळे खाली गेले. "पण दफन दुपारी आहे. इतक्या वेळात मी काय करू शकतो?"

मग मी विचारलं, बाहेर फळ्यावर कुमारी कुणी लिहिलं? टेबलापाशी बसलेल्या ऑफिसच्या माणसानं हात वर केला. साधा, घाबरलेला माणूस. म्हणाला, "मॅडम, रजिस्टरप्रमाणं लग्न नाही. लग्न नाही तर सौभाग्यवती लिहिता येत नाही, श्रीमती लिहिता येत नाही. मग काय लिहू?"

मी पुष्कळ विचार केला आहे. त्या माणसावर मला रागावता येत नाही. त्यानं काही चूक केली नव्हती. उलट त्या सगळ्या मोठ्या, शिकलेल्या, सौम्य माणसांत तो एकटाच असा होता ज्यानं निकाल जसा होता तसा वाचला आणि खडूनं फळ्यावर उतरवला. बाकीच्यांनी त्या निकालावर सायीसारखे शब्द पसरले होते. मोकळ्या होता, मनाला लावून घेऊ नका, मुलगी वैधच आहे. त्यानं साय बाजूला केली आणि खाली जे होतं ते दाखवलं. एका बाईचं अर्धं आयुष्य कागदावरून उचललं की खाली कुमारी उरते. बाई साठीची असली तरी. तिनं एक पोर पुरलेलं असलं तरी. 'मुळात नव्हतंच' या शब्दांचा दुसरा काही अर्थ होतच नाही. ज्यांनी ते लिहिलं त्यांना त्या दिवशी फाटकाशी आणून उभं करावं, आणि एक बोट त्या 'कु.'वर ठेवून वाचून दाखवायला सांगावं, असं मला तेव्हाही वाटलं आणि हे लिहितानाही वाटतं आहे.

आम्ही ऑफिसातून बाहेर आलो तर सेलिना मावशी फळ्यासमोर उभी होती. तिला वाचता येत नाही. ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होती, "काय लिवलंय आमच्या रेजिनाचं?" कुणी सांगत नव्हतं. हिल्डानं सांगितलं. मावशीला आधी समजलंच नाही. मग समजलं. "कुमारी?" ती म्हणाली. "कोन कुमारी?" आणि काठी टेकत वाडीच्या दिशेनं चालू लागली. आम्हाला वाटलं, घरी गेली. थोड्या वेळानं ती परत आली तेव्हा तिच्याबरोबर गावातल्या चार-पाच म्हाताऱ्या होत्या, आणि रेजिनाच्या ओट्यावरची तांब्याची कळशी होती. कळशी भरलेली होती. एकीच्या नातीनं ती उचलून धरली होती आणि मावशी मागून "सांडू नको, सांडू नको गो" म्हणत होती. पाणी कुठलं हे विचारायची गरज नव्हती, सगळ्यांची पातळं गुडघ्यापर्यंत भिजली होती. ती लग्नाच्या पाण्याची विहीर आता कुणी वापरत नाही. पंप बसवल्यापासून कठड्याला गवत वाढलंय. या बायका तिथे जाऊन पाणी शेंदून आल्या होत्या. बँड नव्हता, एवढंच.

मावशीनं काठी माझ्या हातात दिली. कळशी दोन्ही हातांनी घेतली आणि तिरपी करून फळ्यावर पाणी सोडलं, लहान मुलाच्या डोक्यावर सोडतात तसं, बेतानं. 'कु.' आधी गेलं. मग रेजिना, मग परेरा. पांढरा ओघळ फळ्याच्या चौकटीवरून खाली मातीत उतरला. आतून फादर बाहेर आले होते, ते पायरीवरच थांबले. लोपीसांचा मोठा भाऊ फुलं घेऊन फाटकातून येत होता, तोही थांबला. मावशी दोघांकडे बघून एवढंच म्हणाली, "पानी आमी आनलं होतं. तुमी नाय." मग पदरानं फळा पुसला आणि माझ्याकडे वळली. "तू शिकलेली हायेस ना बाय? लिव."

ओल्या फळ्यावर खडू नीट उमटत नाही. मी लिहिलं, 'रेजिना लोपीस. मार्थाची आई.' अक्षर माझं वाईट आलं. आमच्या मिसनं लाल शाई लावली असती.

मला इथे लिहिता आलं असतं की त्यानंतर सगळे विरघळले आणि कबर उघडली गेली. तसं झालं नाही. लोपीसांचा भाऊ फुलं ठेवून निघून गेला, पण हो म्हणाला नाही. रंगाऱ्याकडून आलेल्या तिच्या कबरीच्या लाकडी क्रूसावर 'कु.' होतंच, ते हिल्डाच्या मुलानं ब्लेडनं खरवडलं, तिथे आता एक पांढुरका डाग आहे. रेजिनाला सिमेट्रीच्या पार टोकाला, मागच्या भिंतीजवळच्या नव्या ओळीत जागा मिळाली. मार्था फाटकाशी आणि आई भिंतीशी. भाऊ म्हणतो, आता कुणाशी भांडायचं? तिला मार्थाजवळ हलवावं म्हणून हिल्डानं आणि मी अर्ज केला आहे. उत्तर आलेलं नाही. आम्ही पुन्हा करू.

गेल्या रविवारी मी गेले होते. मिस्सा सुटली तसं ऊन चढलं होतं. सेलिना मावशी नळावर कळशी भरून घेत होती आणि तिच्या त्या म्हाताऱ्यांपैकी एकजण ती उचलायला आली होती. मी पुढे होऊन कळशी घेतली. तांब्याची कळशी भरली की किती जड होते हे मला त्या दिवशी कळलं. रेजिनानं इतकी वर्षं कधी सांगितलं नव्हतं. आधी मार्थाच्या अबोलीला अर्धं पाणी घातलं. मग उरलेलं घेऊन आम्ही भिंतीकडे निघालो. मला सवय नाही, पाणी पावलापावलाला सांडत होतं. मी ओशाळून कळशी सरळ धरायला गेले तर मावशी मागून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. सांडू दे." मी मागे वळून बघितलं. लेकीच्या कबरीपासून आम्ही उभ्या होतो तिथपर्यंत तांबड्या मातीवर एक ओली रेघ ओढली गेली होती. आम्ही परत निघेपर्यंत ती उन्हानं वाळून गेली होती. येत्या रविवारी कळशी भरायची पाळी माझी आहे.